बारदाना वजा

नागपुरात कळमन्याच्या बाजारात मार्च-एप्रिलमध्ये तुरीचे, हरभऱ्याचे, गव्हाचे ढीग लागलेले असतात. सोबत आलेली माणसं दाणा बघतात, मुठीत घेऊन दाबतात, दाताखाली फोडून बघतात. मी आधी पोती बघते. कुठलं कोरं आहे, कुठलं दोनदा भरून झालंय, कुठल्याचा तळ शिवलाय आणि तो शिवणारा हात सवयीचा होता की नवखा, हे मला लांबूनही कळतं. इतवारीत आमचं जुन्या बारदान्याचं दुकान होतं. शाळेतून आलं की दप्तर पोत्यांच्या थप्पीवर आणि मीही थप्पीवर. तागाबद्दल आज मी जे वाचते, बोलते, भांडते, त्याची सुरुवात त्या थप्पीवर झाली.

जुन्या बारदान्याचा धंदा म्हणजे काय, हे आता नागपुरातही समजावून सांगावं लागतं. डाळ मिल, किराण्याचे ठोक व्यापारी, हलवाई, खानावळी यांच्याकडे रिकामी झालेली पोती विकत घ्यायची, त्यांची छाटणी करायची, फाटकी शिवून घ्यायची आणि नगावर पुन्हा विकायची. पण छाटणीला डोळा लागतो. साखरेचं पोतं मानाचं. वीण घट्ट आणि आतून स्वच्छ. मिठाचं पोतं बाजूला काढायचं, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि ते पोतं शेजारच्यांनाही ओलं करतं. मिरचीचं तर दुकानाच्या आतही आणायचं नाही. भिवापूरची मिरची ज्यातून आली ते पोतं झटकलं की सगळी गल्ली शिंकायची. त्यात पुढेही मिरचीच भरली जायची, दुसरं काही नाही. बाबा पोतं उलटं करून झटकत, उजेडाकडे धरत, कडेला दोन्ही हातांनी ताण देत आणि एका शब्दात निकाल देत: साबूत, शिवणीचं, किंवा तुकडा.

शिवणीची पोती मागच्या अंगणात जात. तिथे बाया दाभण-सुतळी घेऊन बसलेल्या असत. केसांवर फडकं, नाकावर पदर, कारण तागाची धूळ बारीक असते आणि घशात बसते. त्यांचं काम मी तासन्‌तास बघितलं आहे. भोक बोटाएवढं असेल तर थिगळ लावायचं नाही. आजूबाजूचे धागे दाभणाच्या टोकाने सरकवून जवळ आणायचे आणि वरून चार टाके घालायचे. उंदराने कुरतडलं असेल तर कडा कापून चौकोनी करायच्या, तुकड्याच्या पोत्यातून थिगळ काढायचं, आणि त्याची वीण पोत्याच्या विणीशी उभी-आडवी जुळवूनच लावायची. नाही जुळली तर भार आल्यावर थिगळ एकाच बाजूने ओढलं जातं आणि पोतं शेजारी नव्याने फाटतं. अंगणातल्या सगळ्यात वयस्कर मावशींचा शब्द बाबाही मोडत नसत. बाबांनी 'तुकडा' म्हणून फेकलेलं पोतं त्या परत आणून ठेवायच्या. 'हे आनखी दोन सीझन चालते, भाऊ. टाकू नका.' आणि ते चालायचं.

धान्यातून सुटलेलं पोतंही कामातून सुटत नसे. मोठी तरटं बांधकामावर जात. नागपूरच्या उन्हात ओतलेलं काँक्रीट वरून लवकर सुकतं आणि तडकतं, म्हणून खांबांना ओलं तरट गुंडाळून त्यावर पाणी मारत राहायचं असतं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, आणि कोरड्या, कडक उन्हात किमान १०, असं भारतीय मानकातच लिहिलेलं आहे. बर्फवाले लादीवर तरट टाकत. उन्हाळ्यात माठाला ओलं तरट, गोठ्यात बैलाच्या पाठीवर तरट. पावसात पेरणी-निंदणाला निघालेली माणसं पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून त्याची खोळ डोक्यावर घेत. सगळ्यात शेवटी पायपुसणं, आणि पायपुसणंही विरलं की परसातला उकिरडा. तिथे ते एक-दोन पावसाळ्यांत मातीत मिसळून जाई, त्यातली सुतळीसुद्धा.

हे सगळं एका झाडाच्या सालीतून कसं निघतं याचं मला लहानपणी कधी नवल वाटलं नाही. ते नंतर वाटू लागलं, पुस्तकं हातात आल्यावर. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. तागात सेल्युलोज साधारण ६० टक्के आणि लिग्निन १२ टक्क्यांच्या आसपास. हे लिग्निन म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा पदार्थ. म्हणून तागाचा धागा ताठ, खरखरीत, ताण सोसणारा, आणि उन्हात पिवळा पडणारा. या खरखरीतपणामुळेच गोदामात तागाच्या पोत्यांची थप्पी उंच लागते. प्लॅस्टिकचं विणलेलं पोतं पोत्यावरून घसरतं. हमालाचा हूक लागला तर तागाचे धागे बाजूला सरतात आणि हूक निघाल्यावर बरेचसे जागेवर येतात. प्लॅस्टिकची पट्टी तुटली की तुटली. तागाच्या पोत्यात धान्याला हवा लागते, आणि किडीसाठी धुरी दिली तर ती आतपर्यंत पोचते. याची दुसरी बाजूही खरी आहे. त्याच विणीत सोंडे दडून बसतात, आणि नीट न वाळवलेलं जुनं पोतं नव्या गव्हाला कीड लावतं. म्हणून आमच्याकडे मे महिन्याचं ऊन वाया जाऊ देत नसत. गच्ची, कठडे, समोरच्यांची भिंतसुद्धा पोत्यांनी झाकलेली असे.

कोऱ्या पोत्याला रॉकेलसारखा वास येतो, तो तागाचा नाही. गिरणीत ताग पिंजण्याआधी मऊ पडावा म्हणून त्यावर तेल-पाण्याचं मिश्रण शिंपडतात. वर्षानुवर्षं हे तेल खनिज तेलापासून केलेलं असे. खाण्याच्या वस्तू भरायच्या पोत्यांसाठी आता राइस ब्रॅनसारखं, म्हणजे तांदळाच्या कोंड्यासारखं, वनस्पती तेल वापरतात, आणि १९९८ पासून अशा पोत्यांत तेलाचा किती अंश चालेल याची आंतरराष्ट्रीय मर्यादाही ठरलेली आहे. चांगल्या धाग्यावर चुकीचं तेल पडलं तर तो धागा अन्नाच्या कामाचा राहत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'नैसर्गिक' म्हणून पाटी लावली की गिरणीत त्यावर काय शिंपडलं हे कोणी विचारत नाही.

ताग पाणीही पितो. व्यवहारात त्यातली आर्द्रता १३.७५ टक्के धरतात. दमट हवेत तो याच्या दुपटीहूनही जास्त पाणी धरू शकतो. म्हणजे एकच पोतं मे महिन्यात नागपुरात हलकं असतं आणि जुलैत जड. ५० किलो धान्याच्या सरकारी पोत्याचं ठरलेलं वजन ५८० ग्रॅम. पूर्वीचं ६६५ ग्रॅमचं असे. बाजारात हा हिशेब एवढा बारीक चालत नाही. माल काट्यावर चढतो, वजन होतं, आणि हिशेबपट्टीवर एक ओळ येते: बारदाना वजा. कपात गोल आकड्यात. शेतकरी काही बोलत नाही, कारण त्याच्यामागे गाड्यांची रांग असते. मला ती ओळ नेहमी खटकत आली आहे. कुणाला तरी मुद्दाम लुटलं जातंय असं नाही म्हणत मी. पण धान्याच्या सगळ्या व्यवहारात पोत्याचं नाव एकदाच लिहिलं जातं, आणि तेही वजाबाकीत.

आमच्याकडे येणाऱ्या कोऱ्या गाठींवर हुगळीकाठच्या गिरण्यांचे छाप असत. १८८७ साली स्थापन झालेल्या ज्या रेल्वेने आपल्या नावात बंगाल आणि नागपूर ही दोन्ही नावं जोडली, तिच्याच मार्गाने हा माल इकडे येत राहिला. पोत्यांचा तो रस्ता उलटा चालून बघावा असं फार वर्षं मनात होतं. बाबा गेल्यानंतर एका श्रावणात मी पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात गेले.

ताग पुरुषभर उंचीच्याही वर जातो, तीन मीटर आणि अधिक. चैत्र-वैशाखात पेरतात, १०० ते १२० दिवसांत कापणीला येतो, आणि त्याच शेतात लगेच भात लागतो. उभ्या पिकाची पानं गळून मातीत पडत राहतात, ते त्या भाताचं खत. कापलेली झाडं दोन-चार दिवस शेतातच ठेवतात, उरलेली पानं झडू देतात, मग जुड्या बांधून तळ्यात किंवा खड्ड्यातल्या पाण्यात बुडवतात. पाण्यातले जिवाणू सालीतलं पेक्टिन, म्हणजे धागा चिकटवून ठेवणारा पदार्थ, खातात आणि धागा काडीपासून सुटतो. याला पंधरा दिवस, कधी तीन आठवडे. लवकर काढलं तर बुंध्याकडची साल कडक राहते, उशीर झाला तर धागाच कुजायला लागतो. कधी काढायचं हे शेतकरी एक काडी उपसून, सोलून, ओढून ठरवतो. जुड्या बुडून राहाव्यात म्हणून वर केळीचे खांब आणि चिखल टाकतात. त्याने धागा काळपट पडतो आणि भाव उतरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दगड आणायचे कुठून, आणि तळं दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर सांगायचं कुणाला.

मग माणूस पाण्यात उतरतो. कमरेइतक्या, काळ्या, बुडबुडे येणाऱ्या पाण्यात, सकाळपासून दुपारपर्यंत. जुडीचा बुंधा लाकडी मोगरीने ठोकायचा, काडी मध्ये मोडायची, आणि पाण्यावर मागेपुढे हिसके द्यायचे की काडी निसटून जाते आणि हातात धाग्याचा ओला झुपका राहतो. त्याचा रंग पाहून मी काठावर उभी राहिले ती राहिलेच. तो ओला असताना जसा चमकतो तसा पोत्यात कधी दिसत नाही. वास मात्र कपड्यांतून दोन धुण्यांनंतरही गेला नाही. पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाच्या पायांची बोटं पांढरी, सुरकुतलेली, मध्ये चिरा. त्यांना हळद-तेल लावून तो पुन्हा उतरला. रस्त्याच्या कडेला बांबूच्या आडव्यांवर धागा वाळत होता आणि काड्यांचे मोळे तंबूसारखे उभे केले होते. या काड्या धाग्याच्या दुप्पट वजनाच्या निघतात. चुलीला, कुंपणाला, पानमळ्याला जातात. वाया असं काहीच दिसलं नाही.

एका हेक्टरमागे धागा निघतो साधारण २५ क्विंटल. २०२४-२५ च्या हंगामात कच्च्या तागाचा हमीभाव क्विंटलला ५,३३५ रुपये होता, टीडी-३ प्रतीसाठी. त्याच हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,१२१. आता आपला कापूस सरकीसकट विकला जातो, वेचला आणि नेला. ताग विकला जातो तो कुजवून, सोलून, धुऊन, वाळवून. त्या पाण्यातले सगळे दिवस शेतकऱ्याच्या अंगावर. विदर्भातल्या कापूसवाल्याच्या दुःखाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले, त्या भावनेला धक्का न लावता सांगते, की तागवाल्याला भेटल्यावर मला आपलाच माणूस भेटल्यासारखं वाटलं.

कुजवण्याचं पाणी हीच या पिकाची अडचण आहे. तळी बुजताहेत, पाऊस मागेपुढे होतो, एकाच डबक्यात सगळ्या गावाच्या जुड्या पडतात, मासे मरतात. बराकपूरच्या केंद्रीय ताग संशोधन संस्थेने जिवाणूंची एक भुकटी काढली आहे, 'क्रायजाफ सोना' नावाची. ती टाकली की कुजायला सहा-सात दिवस कमी लागतात आणि धाग्याची प्रत सुधारते. मला या संशोधनाचं फार अप्रूप आहे. मोठ्या यंत्राचं ते काम नाही, पण कुणाचे तरी पाय पाण्यात कमी दिवस राहतात.

गिरण्यांचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो बहुतेकांना ठाऊक असतो. स्कॉटलंडच्या डंडी शहराने देवमाशाच्या तेलात मऊ करून ताग यंत्रावर कातला. क्रिमियाच्या युद्धात रशियाचा जवस-तंतू बंद झाला आणि तागाचे दिवस आले. १८५५ साली हुगळीकाठी रिश्रा इथे पहिली कताई गिरणी उभी राहिली. १९४७ मध्ये गिरण्या इकडे राहिल्या आणि उत्तम तागाची जमीन सीमेपलीकडे. आज देशातली सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबं या पिकाशी बांधलेली आहेत, बहुतेक बंगाल, बिहार आणि आसामात.

इथे नागपुरात ताग पिकणार नाही. त्याला गाळाची माती, दमट हवा आणि साचलेलं पाणी हवं. आपल्याकडे धानाआधी हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरून गाडतात तो निराळा, शेंगेच्या कुळातला. आपलं शहर कापसाचं. १ जानेवारी १८७७ ला इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, १९७६ मध्ये केंद्रीय कापूस संशोधन संस्था आली. आणि कापसाच्या जगात ताग नकोसा असतो. तागाच्या पोत्यातून आणलेल्या कापसात त्याचे तंतू मिसळतात, जिनिंगमधून गाठीत जातात, सुतात शिरतात, आणि कापड रंगवलं की ते तंतू तपकिरी रेघ होऊन वर येतात, कारण त्यांना कापसासारखा रंग लागत नाही. म्हणून वेचणीच्या वेळी सुती कापडाच्याच झोळ्या वापरा, तागाचं किंवा प्लॅस्टिकचं पोतं नको, असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं. अगदी बरोबर सांगतात. एक धागा सगळ्याच जागी चांगला नसतो, आणि हे तागावर प्रेम करणाऱ्यांनी आधी मान्य केलं पाहिजे.

पण दुसरी एक तुलना मला टाळता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर गेले. तागाला कापसाच्या मानाने औषधं फारच कमी लागतात. नदियाच्या त्या शेतांत मला फवारणीचा पंप दिसला नाही, आणि तो दिसला नाही हे माझ्या लक्षात यावं, हेच विदर्भातल्या माणसाचं वेगळेपण.

तागासारखं आपल्याकडे काही होतंच की. अंबाडी. शेतीच्या आकडेवारीत ती मेस्ता म्हणून तागाच्या शेजारी बसते. आमच्या आजीकडे, उमरेडच्या बाजूला, ज्वारी-कापसाच्या धुऱ्यावर अंबाडीची ओळ असायचीच. कोवळ्या पानांची ज्वारीच्या कण्या घालून भाजी, लाल अंबाडीच्या बोंडांची चटणी, आणि दिवाळीनंतर उभी झाडं कापून नाल्याच्या डोहात कुजायला. मग वाख काढायचा आणि उन्हाळ्याच्या दुपारी झाडाखाली बसून दोर वळायचे: दावी, कासरे, चऱ्हाटं. पोळ्याला बैलांना नवी वेसण, नवी मोरकी त्याच वाखाची. आता पोळ्याच्या बाजारात नायलॉनचे रंगीत दोर लटकलेले असतात. दिसायला झगझगीत, टिकायला घट्ट. पण नायलॉनची वेसण नाकाला कापते, हे बैल पाळणारा कोणीही सांगेल. आणि तुटलेले तुकडे शेतात राहतात, वखराला गुंडाळतात, गाईच्या पोटात जातात. अंबाडीची ओळ धुऱ्यावर परत लावायला कुठल्याही योजनेची गरज नाही. भाजीसाठी लावलेली अंबाडी थोडी जास्त दिवस उभी ठेवायची, एवढंच. पण वाख काढता येणारे हात साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांच्याकडून शिकायला कोणी बसत नाही.

पोत्याकडे परत येते. धान्य तागाच्या पोत्यात भरायचं हे आपल्या देशात कायद्याने बांधलेलं आहे. १९८७ च्या कायद्याखाली सध्या धान्याच्या बाबतीत १०० टक्के आणि साखरेच्या बाबतीत २० टक्के माल तागाच्या पोत्यातच भरायचा असतो. सरकार दरवर्षी सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पोती घेतं. ही मागणी नसती तर हुगळीकाठच्या गिरण्या केव्हाच बसल्या असत्या, कारण खुल्या बाजारात प्लॅस्टिकचं पोतं स्वस्त पडतं. सिमेंट, खत एकेकाळी तागातच येत. ते गेले आणि परत आले नाहीत.

या बांधलेल्या मागणीचं दुसरं टोक आपल्या अंगणात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत धानाचा हंगाम आला की काही दिवसांत बातमी येते: बारदाना संपला, खरेदी थांबली. गाड्या उभ्या, धान उघड्यावर, वरून अवकाळी. २०२० च्या टाळेबंदीत गिरण्या बंद पडल्या तेव्हा देशभर हेच झालं आणि एकदा वापरलेली पोती, प्लॅस्टिकची पोती चालतील असा मार्ग काढावा लागला. मला त्यातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एकदा वापरलेलं पोतं चालतं हे संकटात कळतं. एरवी ते राशन दुकानातून, गिरणीतून, किराण्यातून कुठे जातं याचा पत्ता कुणाला नसतो. धानासाठी पोत्यात ४० किलोच भरायचे असतात. ५० किलोसाठी विणलेलं, नीट शिवलेलं, वाळवलेलं पोतं तो भार पुन्हा उचलतं. आमच्या अंगणातल्या बायांनी हे हजारो पोत्यांवर करून दाखवलेलं आहे.

तागाचं कौतुक आता जिथे-तिथे होतं, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण काही गोष्टी ऐकून अस्वस्थ होते. एक हेक्टर ताग शंभर दिवसांत पंधरा टन कार्बन डायऑक्साइड शोषतो, असं प्रदर्शनांतल्या फलकांवर लिहिलेलं असतं. शोषतो हे खरं, पण तो तिथेच राहत नाही. काड्या चुलीत जातात, पोतं शेवटी कुजतं, आणि कुजवण्याच्या पाण्यातून मिथेन निघतो. ताग हवेतून घेतो आणि हवेला परत देतो. जमिनीखालचं तेल उपसून नवा भार टाकत नाही, हे त्याचं खरं मोठेपण, आणि ते पुरेसं आहे. त्याला फुगवून सांगितलं की प्लॅस्टिकवाल्यांना खोडून काढायला सोपं जातं.

दुसरी अस्वस्थता पिशव्यांची. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून सीताबर्डीपासून सदरपर्यंत तागाच्या छापील पिशव्या दिसू लागल्या. लग्नात, परिषदांत भेट म्हणून मिळू लागल्या. त्यातली एखादी आतून उलटी करून बघा. पुष्कळ पिशव्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवलेला असतो, आकार ताठ राहावा म्हणून. ती पिशवी धड धुता येत नाही, कुजत नाही, आणि थर सुटला की शिवताही येत नाही. त्यात ती वापरली जात नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अभ्यासात असं निघालं होतं की सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे ती हवामानाच्या हिशेबात एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. तागाचा आकडा वेगळा असेल, पण हिशेबाची रीत हीच. कपाटात घड्या घालून ठेवलेल्या बारा पिशव्या पर्यावरणाच्या काहीही कामाच्या नाहीत. एक साधं, थराशिवायचं पोतं, जे सहा हातांतून जाऊन उकिरड्यावर मातीला मिळतं, ते कामाचं.

आणि कामं तर इथे पडलेली आहेत. उमरेड, कामठी, सावनेर भागात कोळशाच्या खाणींभोवती मातीचे डोंगर उभे आहेत, पहिल्याच पावसात त्यांना घळी पडतात. अशा उतारांवर तागाची जाळी अंथरून खाली गवत पेरतात. गवताची मुळं माती धरेपर्यंत जाळी टिकते आणि मग तिथेच कुजते. बंगालमध्ये नदीकाठांना आणि कच्च्या जमिनीवरच्या रस्त्यांना तागाचं कापड घातलेलं आहे. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आपल्या काळ्या मातीला याची जास्त गरज असेल. दरवर्षी लाखो रोपं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून लावली जातात आणि पिशव्या खड्ड्याशेजारीच पडून राहतात. तुकड्याच्या पोत्यातून शिवलेल्या पिशवीत रोप वाढवलं तर पिशवीसकट खड्ड्यात लावता येतं. इतवारीतल्या जुन्या बारदान्यातून किती रोपांच्या पिशव्या निघतील याचा नुसता अंदाज केला तरी मी झोपेतून उठून बसते.

दुकान आता नाही. पण शिवणाऱ्या बायांपैकी काहींच्या मुली आणि सुना अजून हे काम जाणतात, आणि आमच्या भागातल्या एका बचत गटासोबत आम्ही पोती गोळा करतो, वाळवतो, शिवतो, आणि मजुरी नगावर न देता दिवसावर देतो. नगावर दिली की टाके विरळ पडतात आणि धुळीत बसलेल्या बाईला पाणी प्यायला उठणंही महाग पडतं. तोंडाला मास्क आणि कामाला उघडी, वारा येणारी जागा, हे दोन खर्च आम्ही पोत्याच्या किमतीत धरतो. व्यापारी कुरकुरतात. मग मी त्यांना पोतं उजेडाकडे धरून दाखवते.

तुमच्या घरी, दुकानात, मंगल कार्यालयात तागाची पोती रिकामी होत असतील तर ती सुरीने फाडू नका. यंत्राने शिवलेल्या तोंडाला एका टोकाला सुतळीचा मोकळा शेव असतो. योग्य बाजूने तो ओढला की सगळी शिवण एका ओढीत निघते आणि पोतं साबूत राहतं. निघालेली सुतळी फेकू नका, तिनेच आम्ही पुढचं पोतं शिवतो. पोतं उलटं करून झटका, एक दिवस कडक उन्हात ठेवा, मिठाची आणि मिरचीची वेगळी बांधा, आणि दहा-वीस झाली की कळवा. न्यायला आम्ही येऊ.